खिम्यात लपलेला दुधी

हातातलं काम थांबवू नका, भाकरी थापता थापता ऐका. रेडिओची हीच तर सोय आहे.

गेल्या काही महिन्यांपासून आमचा बचत गट खिम्याचे गोळे करून विकतोय. खिम्यात किसलेला दुधी, गाजर आणि मेथी घालतो, गोळे वाफवतो, गार करतो आणि डीप फ्रीजरमध्ये गोठवतो. नोकरीवाल्या बायका पाकीट नेतात, संध्याकाळी रश्श्यात सोडतात, की जेवण तयार. पहिल्याच आठवड्यात एका काकांनी पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, "ताई, मटणाचे पैसे घेता अन् दुधी खायला घालता व्हय? ही तर भेसळ झाली!"

मी तिथे हसून वेळ मारून नेली. पण घरी आल्यावरही ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण ते मी आधी ऐकलं होतं. लहानपणी, माझ्या आजोबांच्या तोंडून.

बी.ए.ला माझा विषय इतिहास. लढाया आणि तह पाठ केले, परीक्षेपुरते लक्षातही राहिले. स्वयंपाकघराचा इतिहास मात्र कुठल्या पेपरला नव्हता. म्हणून आज हा गोळाच घेऊन बसले आहे. मटणात भाजी कधीपासून पडते, कुणी घातली, आणि ती लपवायची वेळ का आली?

पहिला मुक्काम आपल्या अगदी जवळचा. उमरग्याहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की तासाभरात बसवकल्याणचा फाटा येतो. आज ते गाव कर्नाटकात, बीदर जिल्ह्यात आहे. नऊशे वर्षांपूर्वी ते चालुक्यांची राजधानी होतं, कल्याणी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर, ११२६ ते ११३८ या काळातला. त्याच्या नावावर 'मानसोल्लास' हा मोठा संस्कृत ग्रंथ आहे. वीस-वीस अध्यायांचे पाच भाग, म्हणजे शंभर अध्याय. हत्ती, कोश, रत्नं, गाणं, शिकार, सगळं त्यात आहे, आणि राजाच्या जेवणावरही एक प्रकरण आहे. मसाला घालून बारीक केलेल्या मांसाचे वडे त्यात आहेत. तेच सारण पोखरलेल्या वांग्यात भरून तळायचं, हेही आहे. मांसाच्या फोडींबरोबर हरभरे, वांगी, मुळा, कांदा शिजवायची कृतीही आहे.

बघा, राजाला मटणाची कमी नव्हती. त्याला मटण पुरवून पुरवून खायचं नव्हतं. तरी त्याच्या मुदपाकखान्यात मांस आणि भाजी एकाच भांड्यात होती, आणि त्याला कुणी भेसळ म्हटलं नाही, कारण ते राजाच्या ताटात होतं.

याच ग्रंथातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. गाण्याच्या प्रकरणात म्हटलंय की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. ओवीचे जे फार जुने उल्लेख सापडतात, त्यांतला हा एक. म्हणजे जेवणाच्या प्रकरणात पदार्थांची वर्णनं आहेत, खाणारा राजा आहे. आणि मुसळ धरलेले हात सापडतात ते गाण्याच्या प्रकरणात. आमच्या शंभर अध्यायांत आम्ही एवढ्याच. असो.

पुढे दख्खनमध्ये फारसी आणि तुर्की बोलणारे आले, आणि आपण आज वापरतो ते शब्द आले. 'खिमा' हा शब्द मुळात तुर्की, अर्थ बारीक चिरलेलं. 'कोफ्ता' फारसी, त्या भाषेत 'कोफ्तन' म्हणजे कुटणं. तेव्हा गोळ्याच्या नावातच कुटण्याचं काम आहे, चवीचा त्यात पत्ता नाही. आपला मराठवाडा १९४८च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे आपल्याकडच्या रश्श्यात त्या दस्तरखानाचे थेंब सांडलेले आहेतच. अंबाड्याच्या पाल्यातलं मटण घ्या, चिंचेच्या कोवळ्या पाल्यातलं घ्या. आणि दालचा तर घ्याच. उरुसात, लग्नात तुम्ही जेवल्या असाल. हरभऱ्याची डाळ, त्यात दुधीच्या मोठ्या फोडी, चिंचेचा कोळ आणि मटण. शेकडो माणसं पंगतीला आणि मटण मोजकं, तेव्हा डाळ आणि दुधी त्याला हात देतात. दालच्यात दुधी सापडला म्हणून पंगतीतून कुणी उठून गेल्याचं मी पाहिलेलं नाही. तिथे तो उघड तरंगत असतो.

मग आमच्या आजीला तो लपवावा का लागला?

त्यासाठी वाट्याची गोष्ट सांगावी लागेल. आमच्या गावी बोकड पडला की वाटे घालायचे. पळसाच्या पानांवर सारखे ढीग. प्रत्येकात थोडी बोटी, थोडी हाडं, काळजाचा एखादा तुकडा. डोळ्यांनी तोलून, इकडचं तिकडे करून सगळे ढीग सारखे होईपर्यंत माणसं उठायची नाहीत. एवढा चोख न्याय मी कचेरीतही पाहिला नाही. पण तो वाटा घराच्या उंबऱ्याच्या आत आला की न्याय संपला. रस्सा शिजला की आधी आजोबा आणि चुलते, मग पोरं, त्यातही आधी मुलगे, आणि शेवटी बायका. पातेल्याच्या तळाशी तेव्हा रस्सा असायचा, हाडं असायची. आजी म्हणायची, "मला रस्साच गोड लागतो." मला ते कितीतरी वर्षं खरं वाटायचं.

वाट्यातली जी बिनहाडाची, चिवट कातरण निघायची, ती आजी बाजूला काढायची. विळ्यावर बारीक करायची आणि पाट्यावर ठेचायची. त्यात दुधी किसून, पिळून टाकायची. मेथी बारीक चिरून. भाजक्या डाळ्याचं पीठ आणि येसर. लिंबाएवढे गोळे करून रश्श्यात सोडायची. वाटा तेवढाच, पण गोळे व्हायचे पंचवीस-तीस. एकदा आजोबांनी गोळा फोडला आणि आत हिरवं दिसलं. "ह्ये मटन हाय का भाजी? भेसळ करती व्हय गं?" म्हणून ताट सरकवलं. त्या दिवसापासून आजी मेथी घालेना. दुधी मात्र घालायची, कारण शिजला की तो दिसत नाही. मला एकदा किसणी देऊन हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नको माय. पुरलं पाहिजे."

आता शहरातल्या आया पोरांच्या पोटात भाजी जावी म्हणून ती गोळ्यात लपवतात. आजीने लपवली ती पोरांपासून नाही, पोरांना सगळं माहीत होतं. तिने लपवली ती ताट सरकवणाऱ्या हातापासून.

साठवणीचंही तेच. फ्रीजर नव्हता म्हणून साठवण नव्हती असं थोडंच आहे? चैत्र-वैशाखात माळवदावर सांडगे वाळत टाकतो, तेव्हा आपण काय करतो? डाळ भिजवून वाटतो, त्यात कोहळा किंवा काकडी किसून घालतो आणि बोटाने छोटे छोटे गोळे टाकतो. कडकडीत उन्हाने पाणी काढून घेतलं की वर्षभर धक्का नाही. भाजी पोटात घेतलेला, टिकाऊ, घरभराला पुरणारा गोळा आपल्याला नवा नाहीच. मांसही वाळवायचे. महार-मांग वाड्यांत मांसाच्या लांब पट्ट्या दोरीवर वाळवून चान्या करायचे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या त्या स्वयंपाकाची नोंद केली आहे. ज्या अन्नाची कुणी वहीत नोंद केली नव्हती, त्याची त्यांनी केली. आपल्या रेडिओच्या ग्रंथालयात ठेवावं असं पुस्तक आहे.

आता जरा लांब, लंडनला जाऊ. कारण हीच गोष्ट तिथे एकदा रेडिओवरून जाहीरपणे सांगितली गेली होती.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि इंग्लंडला जहाजांनी येणारं अन्न कमी पडायला लागलं. जानेवारी १९४० मध्ये रेशन लागलं, मार्चमध्ये मटणावरही. ते वजनावर नव्हतं, किमतीवर होतं. माणशी आठवड्याला ठरावीक पैशांचंच मांस मिळायचं, म्हणजे स्वस्त भाग घेतला तर थोडं जास्त. हे मटणाचं रेशन उठलं जुलै १९५४ मध्ये. युद्ध संपून नऊ वर्षं झाली होती!

तिथल्या अन्नमंत्र्याचं नाव लॉर्ड वूल्टन. त्याच्या खात्याने बीबीसीबरोबर १९४० च्या जूनपासून एक कार्यक्रम सुरू केला, 'द किचन फ्रंट'. किचन फ्रंट म्हणजे स्वयंपाकघराची आघाडी. सकाळच्या आठच्या बातम्या संपल्या की फक्त पाच मिनिटं. घरातला बाप्या कामाला निघालेला, बाजाराला जायची वेळ झालेली, तेव्हा सांगायचं की आज बाजारात काय स्वस्त आहे आणि त्याचं काय करता येईल. एल्सी आणि डोरिस वॉटर्स या दोघी बहिणी विनोदी जोडी म्हणून गाजलेल्या होत्या. त्याही कार्यक्रमात यायच्या आणि गप्पा मारता मारता पाककृती सांगायच्या. लाखो घरांत तो ऐकला जायचा. सामुदायिक रेडिओवर बोलताना मला नेहमी त्या पाच मिनिटांची आठवण होते, आणि मी पाच मिनिटांत कधीच आवरत नाही हेही आठवतं.

त्या काळातल्या कृतींमध्ये थोडासा खिमा आणि त्याला जोडीला किसलेलं गाजर, किसलेला बटाटा, ओट्स, शिळ्या पावाचा चुरा, ही रीत पुन्हा पुन्हा दिसते. गाजर आणि बटाटा तिथे भरपूर पिकत होते, म्हणून सरकारने त्यांची चित्रंच काढली, 'डॉक्टर कॅरट' आणि 'पोटॅटो पीट'. गाजरदादा आणि बटाटेराव म्हणा ना! त्यात मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की तिथे भाजी घालणाऱ्या बाईला चोरी करावी लागली नाही. मंत्रीच रेडिओवरून म्हणतोय, वाढवा, पुरवा. श्रीमंताच्या घरीही तेच रेशन, गरिबाच्याही. अभाव सगळ्यांत वाटला गेला, तेव्हा पुरवून खाण्यातली लाज गेली.

पण हे सांगून मी पुढे गेले तर इतिहास अर्धाच सांगितल्यासारखं होईल. इंग्लंडमध्ये गाजराची चित्रं छापली जात होती त्याच काळात, १९४३ मध्ये, त्यांच्याच राज्यात बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मरत होती. मृतांचा अंदाज तीस लाखांच्या आसपास सांगतात. मुंबईत मे १९४३ मध्ये धान्याचं रेशन सुरू झालं. वाटा कसा घालायचा हे राज्यकर्त्यांना माहीत होतं. कुणाला घालायचा, हेही त्यांचं ठरलेलं होतं.

आता फ्रीजरकडे येते, कारण आमच्या गटाचं सगळं कर्ज त्याच्यावर आहे. क्लॅरेन्स बर्ड्झाय नावाचा अमेरिकन माणूस १९१२ च्या सुमारास कॅनडातल्या लॅब्राडोरला गेला. तिथले मूळ रहिवासी बर्फात मासे पकडायचे आणि कडाक्याच्या वाऱ्यात ते मासे क्षणात दगडासारखे गोठायचे. महिन्यांनी शिजवले तरी ताजे लागायचे. त्याच्या लक्षात आलं की गोम सगळी वेगात आहे. हळू गोठलं की आतल्या पाण्याचे मोठे खडे होतात आणि ते मांसाच्या पेशी फाडतात. पटकन गोठलं की खडे बारीक राहतात. त्यावर त्याने यंत्रं बनवली आणि मार्च १९३० मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्ड या गावी गोठवलेलं मांस, मासे, भाज्या दुकानात विकायला आल्या. आपल्या देशात गोदरेजने पहिला भारतीय फ्रीज १९५८ मध्ये काढला. आमच्या घरी फ्रीज आला तो त्यानंतर पन्नास वर्षांनी, आणि आजी त्याला शेवटपर्यंत 'गार कपाट' म्हणायची.

बर्ड्झायने शोधलेली ही गोम आम्ही पैसे घालवून शिकलो. पहिल्या खेपेला गरम गोळे तसेच एकावर एक पिशवीत भरले आणि फ्रीजर गच्च केला. मधले गोळे गोठायला दिवस गेला. वितळल्यावर दुधीचं पाणी सुटून नुसता लगदा. आता आम्ही दुधी मीठ लावून, फडक्यात घालून घट्ट पिळतो, गाजर नि मेथी आधी परतून घेतो. वाफवलेले गोळे पंख्याखाली लवकर गार करतो, ताटात एकमेकांना न चिकटता मांडून तसेच गोठवतो आणि दगड झाले की मग पिशवीत भरतो. फ्रीजर उणे अठरावर.

दुसरा धडा विजेचा. वैशाखात वादळ झालं, तारा तुटल्या, दीड दिवस वीज नाही. भरलेला फ्रीजर बंद ठेवला तर साधारण दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला असेल तर एक दिवस. आमचा अर्धाच होता, आणि आम्ही काय केलं? दर तासाला कुणीतरी जाऊन झाकण उघडून बघायचं, "वितळलं का गं?" शेवटी चारशेच्या वर गोळे खड्ड्यात पुरले. दोघी-तिघी म्हणाल्या, परत गोठवू, कुणाला कळतंय. गटाची बैठक रात्री दहापर्यंत चालली. एकदा पुरता वितळून गरम झालेला खिमा परत गोठवायचा नाही. ते विष खायला घालणं आहे. त्या महिन्याचा हप्ता आम्ही बचतीतून भरला. आता झाकणाला कुलूप आहे आणि वीज गेली की किल्ली माझ्याकडे.

प्रमाण विचारणाऱ्यांसाठी सांगते, लिहून घ्या. एक किलो खिमा, पाव किलो दुधी, दोन मध्यम गाजरं, मेथीची एक जुडी, दोन कांदे, दीड वाटी डाळ्याचं पीठ, आलं-लसूण-मिरची, येसर, मीठ. लिंबाएवढे चाळीस गोळे होतात. वीस मिनिटं वाफ द्या, एक फोडून बघा, आत गुलाबी राहता कामा नये. फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने चांगले राहतात. वितळवायचे ते ओट्यावर नाही, रात्री फ्रीजच्या खालच्या खणात ठेवून, नाहीतर सरळ उकळत्या रश्श्यात सोडून. आणि जे मांस खात नाहीत त्यांच्या ताटात चोरून काही घालू नका. लपवायचीच असेल तर भाजी लपवा, मटण नाही.

चाळीस गोळे म्हणजे पाच माणसांच्या घरात प्रत्येकी दोन, चार वेळा. मला हा हिशेब त्या काकांना द्यायचा होता. रश्श्यातल्या फोडी कुणी मोजत नाही, डाव ज्याच्याकडे आधी जातो त्याला त्या जातात. गोळा मोजता येतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांमागे ५७ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं, पुरुषांत शंभरामागे २५. महाराष्ट्रात बायकांचा आकडा ५४ आहे. पाळी आणि बाळंतपण ही कारणं आहेतच, पण ताट हेही एक कारण आहे. मटणातलं लोह अंगाला लवकर लागतं, आणि त्याच्यासोबत खाल्लेल्या मेथीतलं लोहही ते जास्त लागू करतं. म्हणजे आजीने मटणात मेथी घातली ते पुरवायला, पण लोहाच्या हिशेबातही ती चुकली नव्हती. चुकलं ते एवढंच की त्यातलं तिच्या वाट्याला काही आलं नाही.

पाकिटावर सगळे घटक छापावे लागतात, तसा कायदाच आहे. त्यामुळे आजीने जे किसून लपवलं ते आता मागच्या बाजूला स्पष्ट लिहिलेलं आहे: दुधी, गाजर, मेथी. काका परत आले होते परवा. पाकीट घेऊन गेले. काही बोलले नाहीत, मीही नाही.

गेल्या रविवारी घरी हेच गोळे केले. वाढायला माझी मुलगी होती, चौथीत आहे. सासूबाईंच्या ताटात दोन वाढले. त्यांनी सवयीने एक उचलून माझ्या नवऱ्याच्या ताटात टाकायला हात पुढे केला. पोरगी डाव धरून तशीच उभी. "आजी, मोजलेत मी. बाबांचे दोन झाले." सासूबाईंचा हात जरा वेळ मधेच थांबला. मग त्यांनी गोळा परत आपल्या ताटात ठेवला, फोडला, आत डोकावून बघितलं आणि मला म्हणाल्या, "मेथी जरा जास्त घालत जा. बरी लागते."